मनाचा डॉक्टर: नीटमधून की मानसशास्त्रातून?

बारावीच्या निकालानंतर यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या दिग्रसमध्ये एक वाक्य दरवर्षी ऐकू येतं, बहुतेकदा मुलींच्या तोंडून: 'मला मनाचा डॉक्टर व्हायचंय.' घरच्यांचं उत्तर नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या मार्कांवर ठरतं. मार्क बरे असले तर 'आधी एमबीबीएस तर हो, मग पाहू.' मार्क कमी पडले तर 'मंग सायकॉलॉजी घे, तेही तेच हाये.' हे दुसरं उत्तर चुकीचं आहे. त्यापायी मुलांची वर्षं जातात आणि कष्टाचा पैसाही जातो, म्हणून या विषयावर जरा सविस्तर लिहायला हवं.

'मनाचा डॉक्टर' म्हटलं की आपल्याकडे दोन वेगळी माणसं डोळ्यांसमोर येतात. एक मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट. तो आधी एमबीबीएस होतो, मग मनोविकारशास्त्रात एमडी करतो, औषधं लिहितो, गरज पडली तर रुग्णाला दाखल करून घेतो. दुसरा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. तो मानसशास्त्रात एमए किंवा एमएस्सी करतो, त्यानंतर रुग्णालयात राहून प्रशिक्षण घेतो, चाचण्या घेतो, बोलण्यातून उपचार करतो. औषधाची चिठ्ठी त्याला लिहिता येत नाही. दोघं एकाच रुग्णासाठी राबतात, पण कामं अगदी निराळी. आपल्याच भागातल्या एका रुग्णावरून ते नीट कळेल.

कपाशीवर फवारणी सुरू झाली की यवतमाळ जिल्ह्यातल्या दवाखान्यांत विषबाधेचे रुग्ण यायला लागतात. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते वर्ष इथे कुणी विसरलेलं नाही. ऑरगॅनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक शरीरात गेलं की अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज नावाचं विकर बंद पडतं. नसांच्या टोकांशी अ‍ॅसिटिलकोलिन साचत जातं. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, तोंडातून लाळ गळते, अंग घामाने भिजतं, छातीत घरघर सुरू होते. डॉक्टर अ‍ॅट्रोपिन चालू करतो. त्याचं प्रत्येकाला सारखं असं माप नसतं. छातीला स्टेथोस्कोप लावायचा, नाडी मोजायची, घरघर थांबली नसेल तर डोस वाढवायचा, पुन्हा काही मिनिटांनी तपासायचं. विष फवारताना अंगात भिनलं की जाणूनबुजून घेतलं, हे त्या घटकेला कुणी विचारत बसत नाही.

दुसऱ्या दिवशी रात्री तोच रुग्ण बडबडायला लागतो. चादर ओढतो, हवेत काहीतरी पकडू पाहतो, बायकोला ओळखत नाही. वॉर्डाबाहेर बसलेल्या नातेवाइकांत कुजबुज सुरू होते की काहीतरी बाहेरचं लागलं. डॉक्टर कपाळाला हात लावून ताप पाहतो, कातडी कोरडी पडली का ते पाहतो, बाहुल्या मोठ्या झाल्या का ते पाहतो. ही सगळी लक्षणं असली तर अ‍ॅट्रोपिन जास्त झालेलं असतं. नसली तर तो बायकोला विचारतो, 'हे रोज घेत होते का?' कारण रोजची दारू अचानक तुटली की दोन-तीन दिवसांत असाच भ्रम होतो आणि त्याचा इलाज पार वेगळा असतो. वेळेवर ओळखलं नाही तर माणूस जातो. मनोविकारशास्त्र एमबीबीएसच्या पुढे ठेवलं आहे ते याचसाठी. थायरॉइड बिघडलं, ब-१२ कमी पडलं, मेंदूत गाठ झाली, तरी वागणं बदलतं. आधी शरीर वाचता आलं पाहिजे.

आता समजा विष जाणूनबुजून घेतलं होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी रुग्ण शुद्धीवर आहे, जेवतो आहे, घरच्यांना सुट्टीची घाई आहे. इथून पुढचं काम मुख्यतः सायकॉलॉजिस्टचं. तो नातेवाइकांना थोडा वेळ बाहेर थांबायला सांगतो आणि रुग्णाला सरळ विचारतो, 'जीव द्यायचे विचार अजून मनात येतात का?' असं विचारल्याने नको ते डोक्यात शिरेल ही भीती आपल्याकडे फार आहे. ती खरी नाही. विचारलं की माणसाला बहुधा हलकंच वाटतं. मग दोघं मिळून कागदावर एक योजना लिहितात: असे विचार यायच्या आधी मला काय काय होतं, तेव्हा मी लगेच काय करीन, कुणाला फोन करीन, आणि फवारणीचं औषध घरात न ठेवता कुणाच्या ताब्यात राहील. त्या फोनच्या यादीत आता टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांकही असतो. तो १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाला आणि त्यावर मराठीत बोलता येतं. एकदा प्रयत्न केलेल्या माणसाला पुढचे काही आठवडे, काही महिने सर्वांत जास्त धोका असतो. म्हणून भेटी ठरतात, पुन्हा पुन्हा. कर्ज तेवढंच राहतं, पाऊसही तसाच. तरीही त्या माणसाच्या विचारांची आणि दिवसाची घडी बदलता येते, आणि ते काम तासन्‌तास बसून करावं लागतं.

निवड करताना पाहायचं ते हे. अ‍ॅट्रोपिनच्या त्या रात्रीसाठी उभं राहायची तुमची तयारी आहे, की पाचव्या दिवसाच्या त्या संवादासाठी? मनाची ओढ कुठे आहे हे मुलांना बहुधा आतून ठाऊक असतं, फक्त त्यांना कुणी तसं विचारत नाही.

एमबीबीएसला गेलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला मन फार उशिरा येतं, हेही आधीच माहीत असावं. पहिलं वर्ष शवविच्छेदनाच्या टेबलापाशी, शरीरक्रिया आणि जीवरसायन वाचण्यात जातं. पुढे सूक्ष्मजीव, औषधशास्त्र, न्यायवैद्यक, बाळंतपणं, हाडं, डोळे, मुलं. साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप, या सगळ्यात मनोविकार विभागातली नेमणूक काही आठवड्यांचीच. ज्याला एवढं सगळं शिकायचा मनापासून उत्साह आहे त्याला हा रस्ता फार देतो. ज्याला यातलं काहीच नको, फक्त शेवटचा भाग हवा, त्याला ती वर्षं जड जातात.

मानसशास्त्राबद्दलचा गैरसमज उलट्या बाजूचा आहे. गप्पा मारायच्या, सल्ला द्यायचा, असं समजून आलेली मुलं संख्याशास्त्र पाहून दचकतात. सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध, प्रयोगांचे अहवाल, संशोधनाच्या पद्धती, मेंदूची रचना हे सगळं त्यात आहे. चाचण्यांचं शास्त्र तर स्वतंत्रच विषय. बिने-कामत चाचणी हे त्याचं आपल्या जवळचं उदाहरण. फ्रान्सच्या आल्फ्रेड बिनेची बुद्धिमापन पद्धत अमेरिकेत स्टॅनफर्डला सुधारली गेली, आणि व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. परदेशी मुलाला सहज येणारा प्रश्न आपल्या खेड्यातल्या मुलाला निव्वळ ओळखीअभावी अडतो. तो अडला म्हणून मुलाची बुद्धी कमी ठरवणं हा अन्याय. म्हणून प्रश्न बदलावे लागले, मुलांवर वापरून पाहावे लागले, वयानुसार पुन्हा लावावे लागले. बौद्धिक अपंगत्वाच्या तपासणीसाठी आईबाप मूल घेऊन येतात तेव्हा ही चाचणी आजही वापरली जाते. त्या आकड्यावर मुलाचं प्रमाणपत्र, सवलती, शाळा ठरते. चाचणी घेणारा घाईत असला, किंवा बंजारा तांड्यावरून आलेल्या मुलाला मराठीपेक्षा गोरमाटी जास्त कळते हे त्याच्या लक्षात आलं नाही, तर आकडा खोटा येतो. हे बारकाईचं काम आहे, आणि त्यातली जबाबदारी डॉक्टरच्या जबाबदारीहून कमी समजू नये.

आता कायद्याचा भाग, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण फसगत इथे होते. बीए मानसशास्त्र झालेला माणूस उपचार करायला पात्र होत नाही. नुसतं एमए झालेलाही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ठरत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात याची व्याख्याच दिली आहे: भारतीय पुनर्वसन परिषदेने मान्य केलेल्या संस्थेतली क्लिनिकल सायकॉलॉजीची पात्रता हवी, किंवा पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षं पूर्णवेळ, देखरेखीखालच्या प्रशिक्षणासह केलेली एमफिल हवी. बंगळूरची निम्हान्स, रांचीची केंद्रीय मनश्चिकित्सा संस्था, पुण्याची महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था ही अशा शिक्षणाची नावाजलेली ठिकाणं. जागा मोजक्या आणि प्रवेश परीक्षा कडक. नव्या शैक्षणिक धोरणात एमफिल बंद झाली, तरी या विषयापुरती तिची मुदत विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५-२६ पर्यंत वाढवून दिली होती. पुनर्वसन परिषदेने त्याऐवजी क्लिनिकल सायकॉलॉजीची चार वर्षांची पदवी आणि दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी असे नवे अभ्यासक्रम आणले आहेत. सध्या बदलाचा काळ आहे, तेव्हा कुठल्याही संस्थेत फी भरण्याआधी तिचं नाव परिषदेच्या यादीत स्वतः पाहून घ्यावं. जाहिरातीतल्या 'मान्यताप्राप्त' या शब्दावर विसंबू नये.

दिग्रससारख्या गावाला आणखी एका निर्णयाचा थेट फटका बसला आहे. लग्न झालेल्या मुली, शिक्षक, नोकरी करणारी मंडळी दूरशिक्षणातून मानसशास्त्रात एमए करत. इग्नूचा अभ्यासक्रम त्यासाठी लोकप्रिय होता. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय कायद्यात मानसशास्त्राचा समावेश झाला, आणि त्याला धरून विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केले. निर्णयामागचं कारण मला पटतं, रुग्णाशी बोलणं पोस्टाने शिकता येत नाही. पण मग नियमित वर्गात बसायला अमरावती, अकोला, नागपूर गाठावं लागणार, खोलीभाडं आणि खानावळ आली, आणि लहान गावांतल्या बायकांसाठी असलेली एक वाट बंद झाली, हेही खरं आहे.

वर्षांचा हिशेब मांडला की 'मानसशास्त्र म्हणजे लवकर मोकळं' ही समजूतही टिकत नाही. बारावीनंतर एमबीबीएस साडेपाच वर्षं आणि एमडी तीन, म्हणजे साडेआठ. मधली नीट-पीजीची तयारी आणि शासकीय महाविद्यालयातून शिकल्यास बंधपत्राची सेवा वेगळी. इकडे एमफिलच्या आजवरच्या वाटेने पदवी तीन, एमए दोन, एमफिल दोन, म्हणजे सात. पदवी चार वर्षांची घेतली तर गणित थोडं बदलतं. फरक दीड ते अडीच वर्षांचाच. मोठा फरक आहे तो सुरुवातीच्या दारात.

ते दार म्हणजे नीट. २०२५ मध्ये देशभरातून सुमारे २२ लाख मुलांनी ही परीक्षा दिली. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यातल्या परवडतील अशा शासकीय जागा साधारण निम्म्या. यवतमाळला वसंतराव नाईक यांच्या नावाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे. २०२४ मध्ये वाशीम, अमरावती, बुलढाणा, हिंगोली इथे नवी शासकीय महाविद्यालयं सुरू झाली, त्यामुळे आपल्या अवतीभवती जागा वाढल्या. तरीही स्पर्धा तीच. एकदा रिपीट करण्यात गैर काही नाही, आणि पहिल्यांदा थोडक्यात हुकलेल्याने तर जरूर करावं. पण दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा लातूर-नांदेडला क्लाससाठी घेतलेल्या खोलीत मुलाला ठेवताना आईबापांनी एक विचार करावा. मुलाला शरीराचं वैद्यक शिकायचं आहे की 'डॉक्टर' ही पाटी हवी आहे? ज्या मुलीला मुळात माणसांच्या बोलण्यात, वागण्यात, नात्यांत रस आहे, तिने भौतिकशास्त्राची तीच गणितं तीन वर्षं सोडवत बसावं हे मला अजिबात पटत नाही. आणि नीट हुकल्याच्या दुःखात मानसशास्त्राला आलेला मुलगाही तिथे रमत नाही. संख्याशास्त्राशी, चाचण्यांशी त्याचं भांडणच राहतं.

महाराष्ट्रात या दोन वाटा एकाच घरात पाहायला मिळतात. डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. त्यांनी आणि त्यांचे पती अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. उद्घाटन पु. ल. देशपांडे यांनी केलं आणि मदतीचा हातही त्यांचाच होता. अनिता अवचट १९९७ मध्ये गेल्या. मुक्तांगणचं काम पुढे सांभाळलं त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी, आणि त्या मानसशास्त्राच्या वाटेने आलेल्या. आई डॉक्टर, मुलगी मानसशास्त्रज्ञ, संस्था एकच. व्यसनमुक्तीत हे जुळतंही स्वाभाविकपणे. दारू सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस कंप, घाम, फिट यांवर वैद्यकीय लक्ष लागतं. त्यानंतरचे आठवडे समुपदेशन, गटचर्चा, घरच्यांशी बोलणी यांचे असतात.

इतिहासातही या वाटा एकमेकींत मिसळल्या आहेत. १८७९ मध्ये लाइपझिगला मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा काढणारा विल्हेल्म वुंट हा वैद्यकाचा पदवीधर. कलकत्त्याचे गिरींद्रशेखर बोस आधी डॉक्टर झाले, मग मानसशास्त्रात शिकले, १९२१ मध्ये त्याच विषयात डीएससी मिळवली आणि १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली.

आपल्या भागात या माणसांची गरज किती आहे याचे नीट मोजलेले पुरावे आहेत. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या सर्वेक्षणात दर शंभर प्रौढांत दहाहून अधिक जणांना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला. लाखामागे मनोविकारतज्ज्ञ मात्र एकही पुरता नाही, आणि जे आहेत ते मोठ्या शहरांत. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. उपक्रमापूर्वी नैराश्य असलेल्या शंभरातल्या जेमतेम चार जणांनी कुठे मदत घेतली होती. दीड वर्षानंतर हे प्रमाण सत्तावीसवर गेलं. गावातल्याच लोकांना प्रशिक्षण देऊन हे साधलं, वर मनोविकारतज्ज्ञ होतेच. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर झालेल्या अभ्यासातही असंच दिसलं. साध्या प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ भेटी घेतल्या, तेव्हा तीन महिन्यांत ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले. भेटींविना नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं. भेटींत काय ठरायचं? उदाहरणार्थ, सकाळी उठून पुन्हा शेतात एक फेरी मारायची, बंद पडलेली भजनाची बैठक गाठायची, आणि त्या दिवशी मन कसं होतं ते नोंदवायचं. थकलेला माणूस बरं वाटेपर्यंत थांबतो आणि थांबल्यामुळेच आणखी खचतो. ही गाठ छोट्या छोट्या कृतींनी सोडवायची.

मग पदवीची गरज काय, असं कुणी विचारेल. त्या समुपदेशकांना शिकवणारा, त्यांच्या भेटी ऐकून चुका सांगणारा, अवघड रुग्ण पुढे पाठवणारा माणूस लागतो. राज्य सरकारच्या प्रेरणा प्रकल्पात आशाताई घरोघरी जाऊन विचारपूस करतात, त्यांच्या मागेही असाच जाणकार हवा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात म्हणून तर मनोविकारतज्ज्ञाबरोबर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसोपचार सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका ही पदं धरली आहेत. यांतली बरीच पदं कंत्राटी असतात, पगार डॉक्टरच्या मानाने कमी, हे मुलांपासून लपवू नये. मोठ्या शहरात खासगी प्रॅक्टिस जमते, तालुक्याच्या गावी भेटीचे पैसे द्यायची सवय लोकांना अजून नाही.

दिग्रसच्या मुलांकडे मात्र एक गोष्ट आहे, जी कुठल्याही परीक्षेत मोजली जात नाही. 'रात्री डोया लागत नाही', 'जीव कसानुसा होते', 'हातपाय गळून गेले' असं सांगणाऱ्या बाईला नेमकं काय होतंय हे त्यांना पुस्तक न उघडता कळतं. वऱ्हाडी, गोरमाटी, इथली दखनी उर्दू कानावर पडत ती मोठी झाली आहेत. औषध कोणत्याही भाषेत लागू पडतं. बोलण्याचा उपचार भाषेतच होतो. म्हणून मला वाटतं, निदान काहींनी तरी ठरवून, पहिल्या पसंतीने ही वाट घ्यावी.

ज्यांचं अजून ठरत नाही त्यांनी अकरावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र ठेवावं. विज्ञान शाखेतून मानसशास्त्राच्या पदवीला जाता येतं, कला शाखेतून नीट देता येत नाही. कला घेऊन मानसशास्त्राकडे गेलेल्या मुलीला पुढे वैद्यक हवंसं वाटलं तर तेही आता पूर्ण बंद नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये नीटची कमाल वयोमर्यादा काढली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून जादा विषय म्हणून भौतिक, रसायन, जीवशास्त्र उत्तीर्ण होणाऱ्यांनाही परीक्षेला बसू द्यायचं ठरवलं. वाट लांबची आहे, पण आहे. आणि गणिताला कंटाळून ते सोडणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की मानसशास्त्रात गेलात तर संख्याशास्त्राच्या रूपाने ते पुन्हा भेटणार आहे. दहावीच्या पुस्तकातलं सांख्यिकीचं प्रकरण बारावीनंतरच्या सुट्टीत एकदा नीट सोडवून ठेवावं.